घरच्या सर्व्हरमधील दुभाषा: इंटिग्रेटेड ग्राफिक्सवर व्हिडिओ ट्रान्सकोडिंग कसे चालते

भाच्याचे लग्न अंबाजोगाईला झाले आणि दोन महिन्यांनी फोटोग्राफरने एक हार्ड डिस्क हातात ठेवली. तिच्यात दोन प्रकारच्या फाइल होत्या. एक म्हणजे कापून-जोडून तयार केलेली लग्नाची फिल्म, आणि दुसरे म्हणजे हळदीपासून परण्याच्या मिरवणुकीपर्यंतचे कॅमेऱ्यातले मूळ चित्रीकरण. आमच्या लातूरच्या घरी, दूरदर्शन संचाच्या मागे, एक जुना छोटा संगणक चोवीस तास सुरू असतो आणि त्यावर जेलिफिन नावाचा विनामूल्य मीडिया सर्व्हर चालतो. डिस्कवरील सगळे त्यावर उतरवले, की बैठकीतल्या टीव्हीवर, आईच्या खोलीतल्या जुन्या टीव्हीवर आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलीच्या फोनवर ते दिसावे, एवढीच अपेक्षा होती. बैठकीतल्या टीव्हीवर फिल्म सुरळीत चालली. आईच्या खोलीत मात्र पडद्यावर गोल चक्र फिरत राहिले आणि त्या छोट्या संगणकाचा पंखा असा घोंघावू लागला, की आईने कूलर कोणी लावला म्हणून विचारले.

फाइल एकच, सर्व्हर एकच, घरातले नेटवर्कही एकच. मग एका टीव्हीवर चालते आणि दुसऱ्यावर अडते ते का, हे समजण्यासाठी व्हिडिओ फाइल म्हणजे काय, तेथून सुरुवात करावी लागते.

फुल एचडी चित्राच्या एका चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग काटकसरीने साठवला तरी सरासरी दीड बाइट जागा लागते, आणि अशा २५ चौकटी एका सेकंदात दाखवायच्या असतात. हिशेब केला तर सेकंदाला सुमारे ७८ मेगाबाइट आणि तासाला सुमारे २८० जीबी होतात. इतकी जागा घरात कोणाकडेच नसते. म्हणून चित्र दाबून साठवले जाते. शेजारच्या चौकटीत जे बदलले नाही ते पुन्हा लिहायचे नाही, जे सरकले त्याचे चित्र न लिहिता केवळ ते किती सरकले एवढे लिहायचे, आणि डोळ्याला जाणवणार नाही असा बारकावा सोडून द्यायचा. या पद्धतीने तोच एक तास साडेतीन-चार जीबीत बसतो. दाबण्याचे आणि पुन्हा उलगडण्याचे जे ठरलेले नियम, त्यांना कोडेक म्हणतात. एच.२६४ हा २००३ सालचा कोडेक आज जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतो. एचईव्हीसी, म्हणजेच एच.२६५, हा २०१३ सालचा. तो तेवढ्याच दर्जाचे चित्र बऱ्याच कमी जागेत बसवतो. एव्ही१ हा २०१८ सालचा, आणि तो आणखी काटकसरी आहे. आईचा टीव्ही एचईव्हीसी प्रचारात येण्यापूर्वी घेतलेला; फिल्म मात्र फोर-के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांची) आणि एचईव्हीसी. टीव्हीला ती वाचताच येत नव्हती.

मराठवाड्यातल्या माणसाला ही अडचण एका उदाहरणाने चटकन कळेल. आपल्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य होते, आणि त्यामुळे आजही अनेक घरांत जमिनीचे जुने कागद उर्दूत किंवा मोडीत सापडतात. असा कागद हाती आला की तीनच शक्यता असतात. ज्याच्या हाती दिला त्याला ती लिपी आणि भाषा येत असेल, तर तो थेट वाचतो. कागद वाचता येतो, पण ज्या लखोट्यात आहे तो त्याच्या कचेरीत चालत नाही, अशी स्थिती असेल, तर आतल्या मजकुराला हात न लावता लखोटा तेवढा बदलायचा. आणि भाषाच येत नसेल, तर दुभाषा बसवून ओळीमागून ओळ आधी मूळ भाषेत वाचायची आणि मग मराठीत लिहून काढायची. मीडिया सर्व्हरही नेमके हेच तीन प्रकार करतो. पहिल्याला डायरेक्ट प्ले म्हणतात. यात सर्व्हर फाइल जशीच्या तशी पाठवतो आणि त्याला काहीच कष्ट पडत नाहीत. दुसऱ्यात एमकेव्हीसारखा फाइलचा लखोटा बदलून एमपी४ सारखा दुसरा घातला जातो. तेही हलके काम आहे. तिसरे म्हणजे ट्रान्सकोडिंग. त्यात चित्र पूर्ण उलगडायचे, गरजेप्रमाणे लहान करायचे आणि दुसऱ्या कोडेकमध्ये पुन्हा दाबायचे असते, आणि हे सगळे पाहणाऱ्याच्या वेगाने, थांबू न देता, करावे लागते.

जड काम आहे ते हेच. (आवाजाचे रूपांतर या तुलनेत किरकोळ असते. टीव्हीला डीटीएस आवाज कळत नाही म्हणून सर्व्हर फक्त आवाज बदलत असेल, तर त्याची चिंता करण्याचे कारण नाही.)

मुख्य प्रोसेसर हे काम करू शकतो, कारण तो कोणतेही काम करू शकतो. पण त्याला ते प्रत्येक वेळी पुस्तक उघडून, नियम पाहून, एकेक पायरी करावे लागते. याउलट गेली बरीच वर्षे प्रोसेसरच्या त्याच चिपवर, चित्र दाखवण्यासाठी दिलेल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सच्या भागात, कोडेक उलगडण्यासाठी आणि दाबण्यासाठी खास कोरलेली परिपथे असतात. इंटेलने हे २०११ च्या जानेवारीत, सँडी ब्रिज या पिढीबरोबर, क्विक सिंक या नावाने आणले. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. हे काम ग्राफिक्सचे जे गाभे (कोअर) गेम चालवतात ते प्रामुख्याने करत नाहीत. त्यांच्या शेजारी असलेली स्वतंत्र परिपथे ते करतात, आणि म्हणूनच गेम खेळण्यासाठी अगदी दुबळे समजले जाणारे ग्राफिक्सही एकाच वेळी अनेक व्हिडिओंचे रूपांतर करताना थकत नाही. कचेरीच्या कोपऱ्यात बसलेला, दुसरे काहीही न येणारा, पण उर्दूवरून मराठी टाकाने झरझर उतरवणारा दुभाषा डोळ्यांसमोर आणा. साहेब कितीही हुशार असले तरी त्या एका कामात ते त्याची बरोबरी करू शकत नाहीत.

मात्र या दुभाष्याची एक मर्यादा आहे, आणि माझ्या मते घरी सर्व्हर उभा करणाऱ्याने इतर काही लक्षात ठेवले नाही तरी ही ठेवावी. त्याला जेवढ्या लिप्या कारखान्यात शिकवल्या, तेवढ्याच येतात. नंतर सॉफ्टवेअर घालून त्याला नवी लिपी शिकवता येत नाही. त्यामुळे संगणक घेताना गिगाहर्ट्झ किती आणि गाभे किती, हा आपल्याकडे दुकानात पहिला विचारला जाणारा प्रश्न येथे दुय्यम ठरतो. प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे, हा खरा प्रश्न. इंटेलच्या पहिल्या क्विक सिंकला एच.२६४ येत होते. सहाव्या पिढीत, म्हणजे २०१५ च्या स्कायलेकमध्ये, आठ बिटांचे एचईव्हीसी उलगडणे आणि दाबणे दोन्ही आले (बिट जितके जास्त, तितक्या रंगांच्या छटा अधिक बारीक). सातव्या पिढीत, केबी लेकमध्ये, दहा बिटांचे एचईव्हीसी आले, आणि आजच्या बहुतेक फोर-के फिल्म दहा बिटांच्याच असल्याने ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. अकराव्या पिढीपासून एव्ही१ उलगडता येऊ लागले. एव्ही१ दाबणे मात्र इंटेलच्या इंटिग्रेटेड ग्राफिक्समध्ये २०२३ च्या अखेरीस आलेल्या कोअर अल्ट्रा मालिकेपासून आहे. घरच्या वापरात ते नसले तरी काही बिघडत नाही, कारण सर्व्हरने पाहणाऱ्याला एच.२६४ दिले तरी पुरते.

आमचा संगणक म्हणजे एका कार्यालयाने काढून टाकलेला, पुस्तकाएवढा डबा. त्यात आय५-८५००टी हा आठव्या पिढीचा, सहा गाभ्यांचा, ३५ वॉटचा प्रोसेसर आणि यूएचडी ६३० हे ग्राफिक्स आहे. अशी यंत्रे कार्यालये बदलत असतात तेव्हा जुन्या संगणकांच्या बाजारात सहज मिळतात. नवे घ्यायचे असेल तर २०२३ साली आलेला एन१०० हा चार गाभ्यांचा, ६ वॉटचा प्रोसेसर या कामासाठी पुरेसा असून त्याला एव्ही१ वाचताही येते. खरेदीत फसगत होते ती दोन जागी. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी नुसते एफ किंवा केएफ असते, त्यात ग्राफिक्स नसते, म्हणजे कचेरी आहे पण दुभाष्याची खुर्ची रिकामी. आणि भंगारातून स्वस्तात मिळाला म्हणून झिऑन या इंटेलच्या सर्व्हरसाठीच्या प्रोसेसरचा मोठा सर्व्हर उचलला, तर त्यातल्या बहुसंख्य प्रोसेसरमध्येही ते नसते, शिवाय विजेचे बिल आणि पंख्याचा आवाज दोन्ही घर डोक्यावर घेतात. एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या जी अक्षराच्या रायझन प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असते आणि तेही रूपांतर करू शकते, परंतु या एका कामासाठी नव्याने खरेदी करणार असाल तर मी इंटेलच सुचवेन, कारण मीडिया सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आधार अधिक जुना आणि अधिक मुरलेला आहे. रास्पबेरी पाय ५ या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकाचा मोह टाळावा. त्यात व्हिडिओ दाबण्याचे परिपथच नाही.

आता आईच्या टीव्हीकडे परत येऊ. दुभाषा घरात होता, तरीही चक्र फिरत होते, कारण त्याला कामावर बोलावलेच नव्हते. जेलिफिन बसवल्यावर हार्डवेअरची मदत आपोआप सुरू होत नाही. डॅशबोर्डमधल्या प्लेबॅक या भागात जाऊन ट्रान्सकोडिंगखाली इंटेल क्विक सिंक निवडावे लागते, आणि त्याखाली कोडेकांची जी यादी येते तिच्यात आपल्या प्रोसेसरला जे कोडेक येतात तेवढ्यांवरच खूण करावी लागते. प्लेक्स या दुसऱ्या लोकप्रिय सर्व्हरमध्ये याच सोयीसाठी प्लेक्स पास ही सशुल्क वर्गणी घ्यावी लागते. जेलिफिनमध्ये ती फुकट आहे.

मी खूण केली, आणि चक्रही गेले. त्याच्या जागी चित्र सुरूच होऊ शकत नाही असा निरोप आला. कारण असे होते. लिनक्समध्ये ग्राफिक्सच्या या भागाला डेव्ह या फोल्डरातील डीआरआय या उपफोल्डरात, रेंडर-डी-१२८ या नावाच्या फाइलच्या रूपाने दार दिलेले असते, आणि त्या दाराची किल्ली बहुधा रेंडर नावाच्या गटाकडे असते. जेलिफिन ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालते त्याला त्या गटात घातले नाही, तर दुभाषा आत आणि कागद बाहेर, अशी गत होते. सर्व्हर डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमला बाकी संगणकापासून वेगळे ठेवणाऱ्या पेटीत, चालत असेल तर ते दार डॉकरच्या आतही उघडून द्यावे लागते. यात माझी एक संध्याकाळ गेली; दोष सर्वस्वी माझा, कारण सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलेले होते. जुन्या डेस्कटॉपमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड बसवलेले असेल, तर बायोसमध्ये, म्हणजे संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये, इंटिग्रेटेड ग्राफिक्स बंद तर नाही ना, हेही पाहून घ्यावे.

काम खरोखर कोण करत आहे, हे डोळ्यांनी पाहता येते. लिनक्सवर इंटेल-जीपीयू-टॉप नावाचा छोटा प्रोग्रॅम चालवला की पडद्यावर तीन-चार आडव्या पट्ट्या दिसतात: एक रेंडरची, एक व्हिडिओची, एक व्हिडिओ-एनहान्सची. आईच्या टीव्हीवर फिल्म सुरू केली तेव्हा व्हिडिओची पट्टी वर गेली आणि प्रोसेसरचे सहा गाभे, जे आधी शंभर टक्क्यांना भिडले होते, खाली येऊन स्वस्थ बसले. दुसरी खूण ट्रान्सकोडिंगच्या नोंदवहीत मिळते. तिच्यात प्रत्येक ओळीच्या शेवटी स्पीड म्हणून एक आकडा असतो. तो १ च्या वर असेल तर सर्व्हर पाहणाऱ्याच्या पुढे धावतो आहे. १ च्या खाली असेल तर चक्र फिरणे अटळ आहे. पूर्वी तो आकडा १ च्या खाली रेंगाळत होता, आता एकपट ओलांडून बराच पुढे गेला.

येथे रूपांतराच्या मधल्या पायऱ्यांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे, कारण बहुतेक तक्रारी तेथेच जन्मतात. उलगडलेले चित्र लहान करणे हे काम ग्राफिक्सच करते. पण बहिणीने तिच्या फोनवर घेतलेले हळदीचे चित्रीकरण एचडीआर होते, म्हणजे त्यात उजेड-अंधाराचा पल्ला साध्या टीव्हीच्या आवाक्यापेक्षा मोठा होता. असे चित्र साध्या टीव्हीसाठी तसेच उतरवले की हळदीचा पिवळा रंग दहा वेळा धुतलेल्या सदऱ्यासारखा फिका दिसतो. हा पल्ला साध्या टीव्हीच्या मापात बसवण्याला टोन मॅपिंग म्हणतात, त्याची वेगळी खूण करावी लागते, आणि ती केल्यावर हळद पुन्हा हळदीसारखी दिसू लागते. हे काम ग्राफिक्सच करते. त्याचा भार पद्धतीप्रमाणे कधी रेंडरच्या पट्टीवर तर कधी व्हिडिओ-एनहान्सच्या पट्टीवर दिसतो. इंटिग्रेटेड ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते संगणकाची रॅमच वापरते. म्हणून फोर-के एचडीआर बरेच पाहणार असाल तर रॅमची एकच मोठी कांडी घालण्यापेक्षा सारख्या मापाच्या दोन घालाव्यात, म्हणजे दोन्हींतून एकाच वेळी माहिती मिळते.

उपशीर्षकांचे, म्हणजे सबटायटलांचे, प्रकरण याहून फसवे आहे. सबटायटल साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतील तर टीव्ही ती स्वतः दाखवतो. परंतु ब्लू-रे चकत्यांवरची सबटायटले मजकूर नसून चित्रे असतात, आणि अनेक टीव्हींना ती दाखवता येत नाहीत. मग सर्व्हर ती प्रत्येक चौकटीवर कायमची छापून देतो, आणि एरवी थेट चालली असती अशी फिल्मही केवळ चार ओळींच्या सबटायटलांपायी पूर्ण ट्रान्सकोड होऊ लागते. मराठी सबटायटले छापताना आणखी एक गंमत होते. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकोनांची रांग उमटते. आईसाठी मी एका फिल्मला मराठी ओळी लिहिल्या होत्या, आणि पहिल्या दिवशी तिला निव्वळ चौकोन वाचावे लागले. एक देवनागरी फॉन्ट सर्व्हरवर ठेवून जेलिफिनला त्याचा पत्ता दिल्यावर अक्षरे आली.

यानंतर आम्ही कॅमेऱ्यातले मूळ चित्रीकरण लावले, आणि पंखा पुन्हा घोंघावला. पट्ट्या पाहिल्या तर व्हिडिओ दाबण्याचे काम ग्राफिक्सवर चालले होते, पण प्रोसेसरही घामाघूम झाला होता. फाइलची माहिती उघडली तेव्हा उलगडा झाला. एच.२६४ खरे, पण दहा बिटांचे आणि ४:२:२. हे आकडे रंगाच्या साठवणुकीचे आहेत. टीव्हीसाठी तयार केलेल्या फिल्म ४:२:० असतात, म्हणजे उजेडाची नोंद प्रत्येक ठिपक्याची असते, पण रंगाची नोंद चार ठिपक्यांमागे एक. छायाचित्रकार नंतर रंगांवर काम करणार असतो, म्हणून त्याचे कॅमेरे दुप्पट रंग साठवतात, आणि तेच ४:२:२. यूएचडी ६३० ला आठ बिटांचे ४:२:० एच.२६४ येते, हे येत नाही. एकाच नावाच्या कोडेकच्या पोटात अशा बोली असतात, आणि दुभाष्याला परभणीची बोली कळते म्हणून प्रत्येक हस्ताक्षर वाचता येईल असे नाही. जे त्याला वाचता आले नाही ते उलगडण्याचे काम प्रोसेसरच्या गळ्यात पडले, आणि चित्रीकरण सेकंदाला पन्नास चौकटींचे असल्याने ते त्याला झेपेना.

अशा फाइलींसाठी अधिक दणकट यंत्र घेण्याच्या मी विरोधात आहे. थेट पाहताना होणारे रूपांतर आणि एकदाच करून ठेवायचे रूपांतर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हार्डवेअरने दाबलेले चित्र तितक्याच जागेत सॉफ्टवेअरने सावकाश दाबलेल्या चित्राहून थोडे उणे असते, विशेषतः अक्षतांसारख्या बारीक, झपाट्याने हलणाऱ्या गोष्टींत ते जाणवते. आता पाहून विसरायचे असेल तर तो फरक क्षम्य आहे. मात्र जे वर्षानुवर्षे जपायचे ते प्रोसेसरकडूनच, रात्रभर लागली तरी, शांतपणे दाबून घ्यावे.

राहिला विजेचा प्रश्न. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि दुपारी वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे, एखादा दिवा आणि राउटर एवढेच चालवावेसे वाटते. सरासरी १० वॉट खाणारे यंत्र वर्षभर चोवीस तास चालले तर ८७.६ युनिट लागतात. तेच काम वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या, सरासरी ६० वॉट खाणाऱ्या डेस्कटॉपवर केले तर ५२५.६ युनिट. शिवाय खाल्लेला प्रत्येक वॉट अखेर उष्णता होऊनच खोलीत येतो, आणि आधीच तापलेल्या खोलीत प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो, म्हणजे भर उन्हाळ्यात प्रोसेसरवरचे ट्रान्सकोडिंग आणखीच मंदावते. ग्राफिक्सच्या परिपथांवर तेच काम इतक्या कमी विजेत होते, की आमच्या डब्याचा पंखा ऐकू येत नाही.

शेवटी आम्ही लग्नाच्या मूळ चित्रीकरणाच्या फुल एचडी, आठ बिटांच्या, ४:२:० एच.२६४ प्रती काढल्या. संगणक चार रात्री त्या कामाला लागला होता. रात्री खोली थंड असते आणि कोणी काही पाहत नसते. मूळ फाइली डिस्कवर तशाच ठेवल्या. आता त्या प्रती आईच्या टीव्हीवर थेट चालतात आणि तेथे दुभाष्याची गरजच उरली नाही. तो कामाला लागतो तो संध्याकाळी, मुलगी वसतिगृहातून मोबाइल डेटावर फोर-के फिल्म लावते आणि सर्व्हर ती तिच्या सेकंदाला चार मेगाबिटांच्या मर्यादेत बसवून पाठवतो तेव्हा. त्या वेळी व्हिडिओची पट्टी थोडी वर सरकते, आणि फिल्म संपली की पुन्हा शून्यावर येते.